क्रमांक सात, सोमवारी बंद

पनवेलमध्ये आणि आसपास मिळून सात संग्रहालयं आहेत, हे अवधूत रिसबुडांनी जाहीर केलं तेव्हा ते आमटी-भात कालवत होते, आणि बोलून होईपर्यंत त्यांना स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता.

तसा दोष त्यांचा नाही. दोष महादेवरावांचा. महादेवराव म्हणजे कुमुदिनीबाईंचे थोरले बंधू, रिसबुडांचे मेव्हणे, मुक्काम पुणे. एवढं सांगितलं की जाणत्याला पुढचं सांगावं लागत नाही. दोन दिवस राहायला म्हणून आले आणि पहिल्याच जेवणाला त्यांनी विषय काढला. "आमच्याकडे पाहुणा आला ना, की मी त्याला एकेक संग्रहालय दाखवत सुटतो. चार दिवस पुरत नाहीत. तुमच्याकडे पाहुणा आला की काय करता हो अवधूतराव? एस. टी. स्टँड दाखवता?"

कुमुदिनीबाई हसल्या. बायकोने माहेरच्या विनोदाला हसावं हे एक वेळ समजू शकतं, पण लेक प्रांजलसुद्धा खुदकन हसली, तेव्हा रिसबुडांच्या डोक्यात तिडीक गेली.

"सात संग्रहालयं आहेत आमच्याकडे," ते म्हणाले.

"सात? कुठली कुठली?"

"मार्गदर्शिका काढतोय मी. छापून झाली की पाठवतो."

आता असला शब्द गिळायचा तर तो त्याच घासाबरोबर गिळावा. पण रिसबुडांची उभी हयात बँकेत गेलेली, आणि दिलेला शब्द म्हणजे सही केलेला चेक असं ते स्टाफला नेहमी सांगत. त्यामुळे मेव्हणे पुण्याच्या गाडीत बसले आणि रिसबूड संग्रहालयं शोधायला बाहेर पडले.

सुरुवात त्यांनी कायदेशीर मार्गाने केली, म्हणजे एका सरकारी कचेरीत गेले. कुठल्या ते विचारू नका, तिथल्यांनाही ते नीट माहीत नव्हतं. खालच्याने वर पाठवलं, वरच्याने खाली, आणि जिना चढून-उतरून रिसबुडांचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा एका बाईंना दया आली. त्या म्हणाल्या, "काका, संग्रहालय नाही असा दाखला हवा तर आत्ता देते. पण आहे असा दाखला हवा असेल तर संग्रहालयाने स्वतः येऊन अर्ज करायला पाहिजे." रिसबूड घरी आले आणि त्यांनी पायांना बाम चोळला.

मग सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या दाजी कर्णिकांकडे सल्ला मागावा लागत नसे, तो जिन्यातच गाठायचा. दाजी म्हणाले, "अहो रिसबूड, संग्रहालय म्हणजे काय? कोणीतरी म्हणायला पाहिजे की हे संग्रहालय आहे. तुम्ही म्हणा! आणि प्रत्येकाखाली वेळ टाका, दहा ते पाच. सुट्टीचा वार टाका. सुट्टीच्या वाराशिवाय संग्रहालयाला वजन येत नाही." दाजींच्या आयुष्यातला हा एकमेव सल्ला असा होता की जो रिसबुडांनी तंतोतंत पाळला. व्हायचं ते पुढे झालं.

शोधलं की सापडतं हो. बाजारातल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मेलेले रेडिओ छताला लागले होते, ते झालं ध्वनी संग्रहालय. एका शाळेच्या प्रयोगशाळेत सांगाडा आणि बरण्यांतले साप होते, ते निसर्ग-विज्ञान दालन. करंजा बंदरावर एका नाखव्याच्या ओटीवर काचेच्या पेटीत होडीची छोटी प्रतिकृती होती. रिसबूड मासळीच्या लिलावाच्या वासातून नाकाला रुमाल लावून तिथवर गेले आणि सागरी संग्रहालय नोंदवून आले. बंद पडलेली भातगिरणी चौथी, एका निवृत्त पोस्टमास्तरांची तिकिटं पाचवी. सहावं दाजी कर्णिकांच्या शोकेसमधल्या अडकित्त्यांचं, कारण दाजींनी सल्ल्याची वसुली केली ती अशी. सातवं काही केल्या सापडेना. सहा म्हणावं तर पुण्याहून हसणं ऐकू येणार!

याच खटाटोपात प्रांजलने घरात सांगितलं की ती लग्न ठरवून मोकळी झाली आहे. मुलगा तिच्याच ऑफिसातला, प्रितेश घरत, उलव्याच्या बाजूच्या गावचा, आगरी. रिसबूड स्वतःला पुरोगामी समजत. जातिभेदावर त्यांनी वाचक मंडळात भाषण ठोकलं होतं आणि ते बऱ्यापैकी पडलंही नव्हतं. त्यांनी लगेच होकार दिला. फक्त पुण्याला कळवताना 'मुलगा नवी मुंबईतल्या बांधकाम व्यवसायातल्या घराण्यातला' एवढंच कळवलं. खोटं काही नव्हतं त्यात. घरतांच्या जमिनी होत्या, डंपर होते, उलव्यात जिकडे बघावं तिकडे इमारती उठत होत्या आणि त्यातल्या दोन-चारांना प्रितेशच्या वडिलांची, काशिराम घरतांची, खडी लागली होती.

बोलणी करायला रिसबूड मंडळी घरतांकडे गेली. तीन मजली घर, पुढून गुलाबी टाइल्स, गच्चीवर सिमेंटचे दोन गरुड. आत एवढा मोठा सोफा की रिसबूड बसले तर पाय जमिनीला टेकेनात. बोलणी साखरपुड्यावर आली असताना काशिरामांची आई ठमाबाई त्यांना म्हणाली, "चला, माजी खोली दावतंय." घराच्या मागे तिची एक कौलारू खोली होती, नव्या घराला चिकटून राहिलेली. आत जातं, उखळ, मुसळ, मिठागरातली लाकडी फावडी, वेताच्या पाट्या, मडक्यांची उतरंड, कोपऱ्यात सुकटीची टोपली. म्हातारीने हौसेने जात्यावर दोन मुठी तांदूळ दळून दाखवले.

रिसबुडांच्या मनात काय आलं असेल? लेक इथे नांदणार, हे आलं असेल? तर नाही. त्यांच्या मनात आलं, 'सातवं!'

काशिरामांना त्यांनी विचारलं, हे तर खरं. "घराबद्दल चार ओळी छापल्या तर चालेल ना?" काशिराम म्हणाले, "लिवा की साहेब. आपलंच घर हाय." काशिरामांना वाटलं, लग्नाच्या निमित्ताने व्याही कुठे पेपरात चार चांगले शब्द लिहिताहेत. जेवायचा आग्रह झाला तेव्हा रिसबूड म्हणाले, आज चतुर्थी आहे.

मार्गदर्शिका छापून आली. वाचक मंडळाच्या सभेत रिसबुडांना शाल मिळाली आणि एका साप्ताहिकात फोटो आला, त्यात शाल दिसते, रिसबूड अर्धेच दिसतात. घरच्यांनी मार्गदर्शिकेचं कौतुक केलं, म्हणजे वाचली नाही. कुमुदिनीबाईंनी ऋणनिर्देशात आपलं नाव आहे ना, तेवढं बघून घेतलं. पुण्याला प्रत गेली. घरतांकडे मात्र रिसबुडांनी पाठवली नाही. का नाही, याचा त्यांनी विचार केला नाही, आणि करायचा नाही असं ठरवूनच केला नाही.

पंधरवड्यात काशिरामांचा फोन आला. "साहेब, तुमचे पाव्हने येऊन गेले. ठान्याचे."

रिसबुडांची एक चुलतबहीण ठाण्याला होती. साखरपुड्याला बोलावलं नाही म्हणून रुसून परस्पर घर बघायला गेली असेल, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं. मग डोंबिवलीचे येऊन गेले. मग नाशिकचे. रिसबूड बुचकळ्यात पडले, कारण नाशिकला त्यांचं कुत्रंसुद्धा ओळखीचं नव्हतं.

"आनि साहेब," काशिराम म्हणाले, "काल एक गुजराती फॅमिली आली. मुलगी मोठी चांगली, हेतल नाव. तुमच्यात गुजराती पन हायत?"

"लांबचे," रिसबूड म्हणाले. जीभ आपोआप वळली हो.

"असूंदे, असूंदे. आईनं वटी भरली तिची. पन तुमची मानसं सोमवारी येत नायत. सगल्यांना सोमवार असतो काय?"

तरी डोक्यात प्रकाश पडेना. तो पडला दुसऱ्या दिवशी, भाजी बाजारात. एक अनोळखी गृहस्थ हात जोडून समोर उभे राहिले. साप्ताहिकातल्या अर्ध्या फोटोवरून त्यांनी पूर्ण रिसबूड ओळखले होते.

"रिसबूड साहेब, धन्य आहात! बाकीची सहा जरा यथातथाच. रेडिओवाला तर अंगावर आला, म्हणाला काही विकत घ्या नाहीतर चालू लागा. पण क्रमांक सात! वा! ती म्हातारी तर अगदी खरी वाटते हो! आम्ही नुसतं म्हटलं की रिसबुडांमुळे आलो, तर आम्हाला पाटावर बसवलं, जेवू घातलं. मिसेसची ओटी भरली, मला नारळ. किती कल्पक! फोटो हलला म्हणून मी म्हातारीला परत दळायला लावलं, तर बिचारीने परत दळलं. सरकारी अनुदान आहे का त्यांना?"

रिसबुडांच्या हातातली वांगी पिशवीत पडायची ती रस्त्यावर पडली.

घरतांच्या गावातली रीत अशी, की लग्न ठरलं की मुलीकडच्यांनी घर बघायला यायचं, आणि मुलीकडचं माणूस दारातून तसंच परत जाऊ द्यायचं नाही. जेवण, बाईची ओटी, पुरुषाला नारळ. जो कोणी दारात येऊन रिसबुडांचं नाव घेईल तो व्याह्यांचा, असं ठमाबाईने सरळ धरलं होतं. आणि रिसबुडांचं नाव तर पाहुण्यांच्या हातातल्या पुस्तकावरच छापलेलं होतं.

शहाण्या माणसाने अशा वेळी सरळ जाऊन पाय धरले असते. रिसबुडांनी चिठ्ठी छापली. 'क्रमांक सात दुरुस्तीसाठी बंद.' मंडळात, दुकानांत, जिथे जिथे प्रती ठेवल्या होत्या तिथे जाऊन ते प्रत्येक प्रतीत चिठ्ठी डकवत फिरले. बोटांना खळ, कपाळाला घाम. जिन्यात दाजी भेटले. "बंद कशाला लिहिलंत? आता लोक आधी तिथेच धावणार, कायमचं बंद व्हायच्या आत बघून घेऊ म्हणून!" दाजींचं म्हणणं खरं ठरावं हा दिवस रिसबुडांच्या नशिबी होता. गर्दी वाढली.

शेवटी पेढ्यांचा पुडा घेऊन ते उलव्याला निघाले. धुरळा उडवत डंपर जात होते आणि रिक्षात बसून रिसबूड वाक्यं जुळवत होते: 'आजी, एक गैरसमज झालाय.' नको. 'काशिरामजी, छपाईची चूक.' छे! चूक छपाईची नव्हती, छपाई अगदी सुबक झाली होती.

ठमाबाई ओसरीवर बसली होती. त्यांना बघून तिचा चेहरा असा फुलला की रिसबुडांची जुळवलेली वाक्यं तिथेच विस्कटली.

"इवाय, बरं झालं आलात," ती व्याह्यांना म्हणाली. "तुमाला सांगाचं व्हतं. ही सोयरीक झाली ना, तवा आमची भावकी मना हसली. म्हनाली, बामनाची पोर आनतंस, त्यांची मानसं तुज्या दारान पानी तरी पितील काय? मी काय बोलली नाय. पन मनात भ्या व्हता. आनि बगा! तुमची मानसं आली. कुठून कुठून आली. पोटभर जेवली. एक पन नाय म्हनला नाय. आता भावकीचं त्वांड बंद."

आणि तिने डोळे पुसले.

आता सांगा, काय बोलायचं? रिसबुडांनी पेढे पुढे केले. "तोंड गोड करा," म्हणाले, जेवायचा आग्रह 'आताच जेवून निघालोय' म्हणून चुकवला, आणि आल्या पावली परतले. रिक्षात त्यांना स्वतःची एवढी लाज वाटली की रिक्षावाल्याने आरसा हलवला तरी, हा आपल्याकडेच बघतोय की काय असं वाटून ते बाहेर बघायला लागले. पण लाज वाटणं वेगळं आणि खरं बोलणं वेगळं. लग्न होईस्तोवर असंच ढकलायचं, असं त्यांनी ठरवलं. खरं कळलं तर म्हातारी भावकीसमोर तोंडघशी पडेल, आणि जिच्या बापाने हे केलं ती पोर कोणत्या तोंडाने त्या उंबऱ्यात शिरेल?

तर लग्नाच्या आदल्या रविवारी घरतांकडे हळद दळायची होती. व्याह्यांना आमंत्रण होतं. सकाळीच पुण्याहून फोन. "अवधूतराव, सरप्राइज! आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल घेऊन निघालोय. पनवेल ओलांडलं आत्ताच. लग्नाच्या गडबडीत तुम्हाला कशाला त्रास, आम्ही थेट क्रमांक सात बघतो."

"ते बंद आहे! दुरुस्ती!"

"बंद तर बंद. बाहेरून बघू," महादेवराव म्हणाले, आणि फोन ठेवला.

रिसबुडांनी कुमुदिनीबाईंना अर्ध्या निऱ्यांत रिक्षात बसवलं. "अहो, झालंय काय?" असं त्या घरापासून उलव्यापर्यंत विचारत होत्या. पण बस आधीच पुढे निघून गेली होती. हे पोचले तेव्हा घरतांच्या दारात बस उभी होती आणि पांढऱ्या टोप्या घातलेले पुण्याचे ज्येष्ठ नागरिक मार्गदर्शिका हातात घेऊन अंगणात पसरले होते.

मांडवात सगळी भावकी जमलेली. मध्ये जातं, जात्याभोवती बायका, एक म्हातारी धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती आणि ठमाबाई हळकुंडं घालत होती. गाणं थांबलं तसे पुणेकरांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई म्हणाल्या, "किती ऑथेंटिक! पुढचा खेळ किती वाजता आहे हो?" काशिराम हात जोडून सगळ्यांना पंगतीत बसवत होते. केळीची पानं मांडली जात होती, आणि भावकीतली माणसं बघत होती की मुलीकडची बसभर माणसं आली.

"अवधूतराव!" महादेवराव ओरडले. "अप्रतिम! हीच का हो ती म्हातारी?"

ठमाबाईने मान वर केली. कुमुदिनीबाईंना काही कळेना, त्या भावाला बघून आनंदाने पुढे झाल्या. "आजी, हे माझे बंधू. प्रांजलचे मामा."

"पोरीचे मामा!" ठमाबाई हळदीचे हात पुसत उठली. "या, या. बसा."

महादेवराव हसायचे थांबले. त्यांनी बहिणीकडे बघितलं, मग रिसबुडांकडे, मग हातातल्या मार्गदर्शिकेकडे. सरळ माणूस, दुसरं काय! "म्हणजे... प्रांजलचं सासर आणि क्रमांक सात एकच?"

"क्रमांक सात काय?" प्रितेशने विचारलं. त्याने मामांच्या हातातून पुस्तक घेतलं, पान उघडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. वाचता वाचता त्याच्या मानेची शीर ताठ झाली. काशिराम हातातली पानं तशीच धरून उभे राहिले.

"काय हाय त्यान?" ठमाबाई म्हणाली. "मना वाचून दावा." प्रितेशने तोंड उघडलं, तशी तिने त्याला हाताने अडवलं. "तू नको. ज्यानं लिवलाय त्यानं वाचावा."

रिसबुडांच्या हातात त्यांचंच पुस्तक आलं. त्यांनी चष्मा पुसला, तो स्वच्छ होता, तरी परत पुसला. मग सभेत वाचलं होतं तसं वाचायला सुरुवात केली.

"'क्रमांक सात. आगरी लोकजीवन दालन. येथे जाते, उखळ, मिठागराची अवजारे इत्यादी दुर्मिळ वस्तू मूळ स्थितीत पाहावयास मिळतात. एक वृद्ध स्त्री... एक वृद्ध स्त्री प्रत्यक्ष दळून दाखवते. प्रवेश विनामूल्य.'" ते थांबले. "एवढंच आहे."

"काका," प्रितेश म्हणाला, "एक ओळ राहिली."

"हो का? चष्मा जरा..."

"खालून दुसरी."

कुमुदिनीबाई जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं लिखाण लक्ष देऊन ऐकत होत्या. रिसबुडांनी ती ओळ वाचली. लिहिताना ती त्यांना खास जमल्यासारखी वाटली होती. "'सदर वृद्धा स्वभावाने निरुपद्रवी असून तिची लुप्त होत चाललेली बोली पर्यटकांनी तिच्याशी बोलून अवश्य ऐकावी. सोमवारी बंद.'"

भावकीत कोणीतरी फिसकन हसलं, आणि ते ठमाबाईला हसलं होतं. तो आवाज रिसबुडांच्या कानात असा शिरला की त्यांना वाटलं, त्यापेक्षा काशिरामांनी दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंजे ही मानसं तुमची नाय," ठमाबाई म्हणाली.

"नाहीत."

"ठान्याची? ती नाशकाची?"

"नाहीत, आजी. कोणीच नाही. मी सांगायला आलो होतो त्या दिवशी. मला बोलता आलं नाही. माझं फार चुकलं. मला लाज वाटते." हे सगळं त्यांनी पुस्तकाकडे बघत सांगितलं.

काशिराम पुढे आले. एवढा मोठा माणूस, पण आवाज लहान झाला होता. "साहेब, मी आपलंच घर म्हनलो व्हतो." एवढंच बोलून ते पानं तिथेच ठेवून मांडवाबाहेर गेले. पुणेकर एकेक करून पंगतीतून उठायला लागले. महादेवरावांनी टोपी काढून खिशात घातली.

"बसा!" ठमाबाई ओरडली, तशी उठलेली मंडळी मटकन खाली बसली. "पानावर बसलेला मानूस आमच्यान उठवत नाय. वाडा ग त्यांना." मग ती रिसबुडांकडे वळली. "लगीन व्हईल. पोरीचा काय गुन्हाव? तुमचा मंग बगू."

"आजी..."

"तुमच्या नावानं आली ती सगली जेवली. परकी व्हती, तरी जेवली. तुमी तेवढं कवा जेवला नाय. येकदा म्हनला चतुर्थी हाय, येकदा म्हनला आताच जेवून निगालो. दर खेपेस तुमच्यासाठी येगला वालाचा बिरडा करतंय मी, नव्या टोपान, मासलीचा हात न लावता. दर खेपेस तुमी गेल्यावर म्हशीला घालतंय. आज पन केलाय."

रिसबुडांना खाली बसायला कोणी सांगितलं नाही. ते आपणच पंगतीच्या टोकाला, पुण्याच्या एका अनोळखी आजोबांशेजारी, मांडी घालून बसले. कुमुदिनीबाई त्यांच्या शेजारी बसल्या नाहीत, त्या बायकांत जाऊन जात्यापाशी बसल्या.

ठमाबाईने स्वतः आणून वाढलं. तांदळाची भाकरी, बिरडं, बाजूला मीठ. रिसबूड खाली मान घालून जेवले. शेजारचे आजोबा विचारत होते, "आपण कुठल्या ग्रुपबरोबर आलात?" पान स्वच्छ झालं. मग आयुष्यात कधी कोणाकडे केलं नव्हतं ते त्यांनी केलं, मागून घेतलं.

"आजी, अजून थोडं बिरडं वाढा."

ठमाबाई वाकली, टोपातलं निम्मं त्यांच्या पानात घातलं, आणि त्यांच्या तोंडाकडे न बघता पुढच्या पानाकडे गेली.